१६०२/एमएएस/१९९८ : ग्लिवेकचा पेटंट अर्ज नेमका कुठे अडला

१ एप्रिल २०१३ रोजी ग्लिवेक या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाच्या पेटंटसाठी नोव्हार्टिस या औषध कंपनीने केलेली अपिले सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांचा सूर एकच होता : गरीब रुग्ण जिंकले, बहुराष्ट्रीय कंपनी हरली. त्यात खोटे काही नव्हते. पण उद्या स्वतःच्या शोधासाठी अर्ज करणाऱ्याला त्या मथळ्यातून काहीच मिळत नाही. निकालपत्र शांतपणे वाचले तर दिसते की सगळा वाद शेवटी एका कोरड्या तांत्रिक प्रश्नावर येऊन ठेपला होता. नव्या पदार्थाची तुलना कोणत्या जुन्या पदार्थाशी करायची? कंपनीने ती एकाशी केली, कायद्याला दुसऱ्याशी हवी होती. १९९८ मध्ये दाखल झालेल्या कागदांतच ही फट होती. पुढची पंधरा वर्षे ती बुजवण्याचे प्रयत्न झाले, ती बुजली नाही.

पेटंटचे टप्पे समजून घ्यायला हे प्रकरण आणखी एका कारणाने सोयीचे आहे. अग्रक्रम तारीख, अर्ज दाखल करणे, तपासणी, मंजुरीपूर्व विरोध, सुनावणी, नकार, अपील हे सगळे टप्पे एकाच अर्जात सापडतात. यशस्वी अर्जाची फाइल सहसा इतकी बोलकी नसते.

शोध काय होता

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग. त्यात पेशींमधले एक बिघडलेले एन्झाइम सतत ‘वाढा’ असा संदेश देत राहते. हे एन्झाइम रोखणारे रसायन म्हणजे इमॅटिनिब. ते युर्ग झिमरमन यांच्या नावावरच्या अमेरिकन पेटंटात आहे. त्याचा अर्ज २८ एप्रिल १९९४ चा आणि मंजुरी २८ मे १९९६ ची. त्या काळी भारतात औषधाच्या रेणूला पेटंट मिळतच नव्हते. १९७० च्या कायद्यानुसार औषध बनवण्याची प्रक्रिया तेवढी पेटंटपात्र होती. त्यामुळे मूळ इमॅटिनिब भारतात पेटंटबाहेरच राहिले.

इथे तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवायला हव्यात, कारण खटला त्यांच्यातल्या अंतरावरच उभा आहे. पहिली, मूळ रेणू म्हणजे इमॅटिनिब, ज्याला रसायनवाले फ्री बेस म्हणतात. दुसरी, त्याचे मिथेनसल्फॉनिक आम्लाबरोबर तयार होणारे क्षार, म्हणजे इमॅटिनिब मेसिलेट. तिसरी, त्या क्षाराचे एक विशिष्ट स्फटिकरूप, बीटा. भारतात ग्लिवेकसाठी पेटंट मागितले ते या तिसऱ्यावर.

अग्रक्रम तारीख आणि अर्ज दाखल करणे

बीटा स्फटिकाचा पहिला अर्ज स्वित्झर्लंडमध्ये १८ जुलै १९९७ रोजी झाला. भारतातला अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयात १७ जुलै १९९८ रोजी आला. म्हणजे बारा महिन्यांची मुदत संपायला एक दिवस बाकी होता. पहिल्या देशातल्या अर्जाची तारीख दुसऱ्या देशात लागू करून घ्यायची (यालाच अग्रक्रम म्हणतात) तर पॅरिस करारानुसार बारा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. पण गंमत अशी की तेव्हा भारताच्या यादीत स्वित्झर्लंड ‘करारातला देश’ नव्हता. तो सप्टेंबर १९९८ मध्ये, म्हणजे दोन महिन्यांनी आला. चेन्नई पेटंट कार्यालयातल्या निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने, म्हणजे असिस्टंट कंट्रोलरने, याच मुद्द्यावर अग्रक्रम नाकारला. पुढे बौद्धिक संपदा अपील मंडळाने तो मान्य केला. निकाल त्यावर अडला नाही, पण तारखेचा किरकोळ वाटणारा तपशील अर्जाच्या कोणत्याही टप्प्यावर पुन्हा वर येऊ शकतो हे दिसले.

आज भारतीय संशोधकाला हाच टप्पा असा पार करावा लागतो. शोध पूर्ण व्हायचा असेल तर फॉर्म १ आणि फॉर्म २ वर तात्पुरते स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचे लेखी वर्णन, देता येते. त्यानंतर बारा महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन आले नाही तर अर्ज सोडून दिला असे धरले जाते. सोबत परदेशी अर्जांची माहिती देणारा फॉर्म ३, संशोधक कोण हे जाहीर करणारा फॉर्म ५ आणि एजंटमार्फत काम असेल तर फॉर्म २६. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन अर्ज दाखल करण्याचे शुल्क १६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८०००. स्टार्टअप, लघुउद्योग किंवा संस्था म्हणून सवलत घ्यायची तर फॉर्म २८ जोडावा लागतो. ३० पानांपुढच्या प्रत्येक पानाला आणि १० दाव्यांपुढच्या प्रत्येक दाव्याला (दावा म्हणजे हक्क नेमका कशावर मागितला ते सांगणारे कलम) जादा पैसे पडतात. सवलतीच्या दरात पानाला १६० आणि दाव्याला ३२० रुपये. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबई कार्यालयाच्या हद्दीत येतात. तपासणी मात्र दुसऱ्या शहरातल्या परीक्षकाकडे जाऊ शकते.

सर्वात महाग चूक तात्पुरत्या स्पेसिफिकेशनमध्ये होते. लोक दोन पानांत कल्पना मांडतात आणि ‘बाकीचे वर्षभरात लिहू’ म्हणतात. पण त्या दोन पानांत जे नाही, त्याला ती जुनी तारीख मिळत नाही. पूर्ण स्पेसिफिकेशनमध्ये नव्याने घातलेल्या मुद्द्याची तारीख वर्षभरानंतरची धरली जाते. मधल्या काळात कोणी काही छापले असेल, अगदी तुम्ही स्वतःच, तर ते तुमच्याविरुद्ध वापरता येते.

आणखी एक अडसर फारसा कोणाला ठाऊक नसतो. भारतात राहणाऱ्याने आधी परदेशात अर्ज करायचा तर फॉर्म २५ वर परवानगी घ्यावी लागते, किंवा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते. कलम ३९ चा हा नियम मोडला तर भारतातला अर्जच सोडला गेल्यासारखा धरला जातो.

पेटीत पडलेली सात वर्षे

१ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेवरचा ट्रिप्स करार लागू झाला. भारताला औषधांच्या पदार्थ पेटंटसाठी २००५ पर्यंत सवलत मिळाली, पण तोवर येणारे अर्ज घेऊन बाजूला ठेवण्याची अट होती. यालाच ‘मेलबॉक्स’ म्हणत. ग्लिवेकचा अर्ज त्या पेटीत गेला आणि २००५ मध्ये कायदा बदलल्यावर बाहेर आला.

मधल्या काळात कंपनीने अनन्य विपणन हक्क, म्हणजे औषध एकट्याने विकण्याचा हक्क, मागितला. मार्च २००२ मध्ये मागणी केली, १० नोव्हेंबर २००३ रोजी तो मिळाला. त्याच्या जोरावर जेनेरिक कंपन्यांविरुद्ध खटले झाले. मद्रास उच्च न्यायालयाने मनाई हुकूम दिला, मुंबई उच्च न्यायालयाने दुसऱ्या एका कंपनीविरुद्ध तो नाकारला. तेव्हा नोव्हार्टिसचे औषध महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना मिळत होते, तर जेनेरिक आठ ते दहा हजारांना. या फरकामुळेच पुढचा विरोध इतका संघटित झाला.

तपासणीची मागणी

अर्ज दाखल केला म्हणजे तपासणी आपोआप सुरू होते असा गैरसमज सर्रास आढळतो. तसे होत नाही. फॉर्म १८ स्वतंत्र भरावा लागतो. शुल्क सवलतीत ४००० रुपये, मोठ्या कंपनीला २००००. १५ मार्च २०२४ च्या दुरुस्तीनंतर नव्या अर्जांसाठी ही मागणी अग्रक्रम तारखेपासून ३१ महिन्यांत करायची आहे. आधी ४८ महिने होते. जुन्या हिशेबावर चालणारे अर्जदार इथेच अर्ज गमावतात, कारण मागणी आली नाही तर अर्ज मागे घेतला असे मानले जाते.

प्रसिद्धी १८ महिन्यांनी होते. लवकर हवी असेल तर फॉर्म ९ भरायचा. सवलतीत त्याला २५०० रुपये पडतात आणि प्रसिद्धी महिन्याभरात होते. वेगवान तपासणीसाठी फॉर्म १८ए आहे, पण तो सगळ्यांना नाही. स्टार्टअप, लघुउद्योग, सरकारी संस्था किंवा अर्जदारांमध्ये किमान एक महिला असणे अशा ठराविक अटी आहेत. एकटा पुरुष संशोधक केवळ व्यक्ती म्हणून त्यात बसत नाही.

मागणीनंतर परीक्षकाचा पहिला अहवाल येतो, ज्याला या व्यवसायात सगळे एफईआर म्हणतात. उत्तराला सहा महिने मिळतात, फॉर्म ४ भरून आणखी तीन. एफईआरमधल्या हरकती साधारण चार प्रकारच्या असतात : नावीन्य नाही, शोधक पायरी नाही (म्हणजे जाणकाराला ते सहज सुचण्याजोगे आहे), कलम ३ मधल्या वगळलेल्या यादीत बसते, किंवा दावे धूसर आहेत. उत्तर देताना दाव्यांमध्ये बदल करता येतो, पण कलम ५९ ची चौकट घट्ट आहे. दावा आखूड करता येतो, स्पष्ट करता येतो, चूक दुरुस्त करता येते. मूळ स्पेसिफिकेशनमध्ये नसलेले काही घुसवता येत नाही.

मंजुरीपूर्व विरोध : पाच अर्ज, एक दिवस

प्रसिद्धीनंतर, मंजुरीपूर्वी कोणतीही व्यक्ती विरोध दाखल करू शकते. त्यासाठी फॉर्म ७ए आहे. ग्लिवेकविरुद्ध पाच विरोध आले : मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन, आणि नॅटको, सिप्ला, रॅनबॅक्सी, हेटेरो या कंपन्या. रुग्णांच्या संस्थेला इथे उभे राहता आले कारण कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत, ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ असे नाहीत. मंजुरीनंतरचा विरोध मात्र हितसंबंध असलेल्यालाच, मंजुरीच्या प्रसिद्धीपासून वर्षाच्या आत करता येतो. २०२४ पासून मंजुरीपूर्व विरोधालाही शुल्क लागते आणि तो दाखल करून घेण्याजोगा आहे का हे कंट्रोलर आधी ठरवतो.

१५ डिसेंबर २००५ रोजी सुनावणी झाली आणि २५ जानेवारी २००६ रोजी असिस्टंट कंट्रोलरने पाच स्वतंत्र पण जवळपास सारख्या आदेशांनी अर्ज फेटाळला. कारणे होती : झिमरमन पेटंटातून हा पदार्थ आधीच माहीत होता, जाणकाराला तो सहज सुचण्याजोगा होता, अग्रक्रम चुकीचा मागितला, आणि कलम ३(ड) आड येते.

कलम ३(ड) : जिथे खरा पेच आहे

हे कलम २००५ च्या दुरुस्तीत आजच्या रूपात आले. त्याचा गाभा असा : माहीत असलेल्या पदार्थाचे नवे रूप शोधले आणि त्याने त्या पदार्थाची ज्ञात परिणामकारकता वाढत नसेल, तर तो शोध नाही. क्षार, एस्टर, स्फटिकरूपे, कणांचा आकार, मिश्रणे हे सगळे परिणामकारकतेच्या गुणधर्मांत लक्षणीय फरक दाखवल्याशिवाय एकच पदार्थ धरले जातात.

नोव्हार्टिसच्या तज्ज्ञांची प्रतिज्ञापत्रे होती. त्यांत दोन प्रकारचे गुण मांडले होते. पहिला गट : बीटा स्फटिक जास्त सुरळीत वाहतो, उष्णतेत अधिक स्थिर राहतो, हवेतला ओलावा कमी शोषतो. गोळ्या बनवणाऱ्याला हे तीनही गुण सोन्यासारखे. पावडर यंत्रात अडकत नाही, साठवणुकीत बिघडत नाही. दुसरा गट : उंदरांवरच्या प्रयोगात शरीराला उपलब्ध होणारे औषध ३० टक्क्यांनी वाढले.

आता तुलना पाहा. ३० टक्क्यांचा आकडा बीटा स्फटिक विरुद्ध इमॅटिनिब फ्री बेस असा होता. पहिली पायरी आणि तिसरी पायरी. मधली, म्हणजे साधे इमॅटिनिब मेसिलेट, गाळलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने विचारले ते साधारण असे : मेसिलेट आधीच माहीत असेल, तर त्याच्याशी तुलना कुठे आहे? आणि विद्राव्यता वाढली ती क्षार बनल्यामुळे की बीटा स्फटिकामुळे? फ्री बेसपेक्षा क्षार चांगले विरघळते हे सर्वांना माहीत असलेले रसायन आहे. त्याचे श्रेय बीटा स्फटिकाला कसे द्यायचे? कागदांत याचे उत्तर नव्हते.

मग मेसिलेट माहीत होते हे ठरले कशावरून? इथे कंपनीचे स्वतःचेच इतर कागद तिच्यावर उलटले. झिमरमन पेटंटात मेसिलेटचे नाव थेट उदाहरण म्हणून नाही, ते फक्त त्याच्या कक्षेत येते, असा कंपनीचा युक्तिवाद होता. म्हणजे पेटंट त्याला ‘व्यापते’ पण ‘उघड करत’ नाही. पण १९९६ मध्ये ‘कॅन्सर रिसर्च’ आणि ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकांत त्याच गटातल्या संशोधकांचे या संयुगाच्या कर्करोगविरोधी परिणामांवरचे लेख छापून आलेले होते, स्विस अर्जाच्या आधी. अमेरिकेत औषधाला परवाना मिळाल्यावर पेटंटची मुदत वाढवून घेताना ग्लिवेकसाठी आधार दिला होता झिमरमन पेटंटाचाच. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये नॅटकोला पाठवलेल्या नोटिशीतही आधार तोच. इतकेच नाही, बाजारातल्या पाकिटावर ‘इमॅटिनिब, मेसिलेटच्या रूपात’ असे छापलेले. बीटा स्फटिकाचा उल्लेख नाही.

एका देशात ‘हे जुन्या पेटंटात येते’ असे म्हणून हक्क बजावायचा आणि दुसऱ्या देशात ‘ते तिथे उघड झालेच नव्हते’ म्हणायचे, हे न्यायालयाला पटले नाही. व्याप्ती आणि उघडीकरण यांत इतकी मोठी दरी ठेवू देणारा कायदा आपल्याला नको, अशी त्याची भूमिका होती. आमच्या मते हाच निकालाचा सर्वात टिकाऊ भाग आहे, ३(ड) च्या अर्थापेक्षाही.

‘परिणामकारकता’ या शब्दाचा अर्थ औषधाच्या बाबतीत रोगावरची परिणामकारकता असा धरला गेला. प्रवाहीपणा, स्थिरता, ओलावा हे गुण उपयोगी आहेत, पण रोगावरच्या परिणामाशी त्यांचा थेट संबंध नाही म्हणून ते बाजूला पडले. शरीराला उपलब्ध होण्याच्या प्रमाणाबद्दल दार पूर्ण बंद केलेले नाही, हे अनेक सारांशांत सुटते. न्यायालय म्हणते की त्या वाढीमुळे रोगावरचा परिणाम वाढत असेल तर ते विशेषत्वाने मांडावे आणि प्रयोगाच्या आकड्यांनी सिद्ध करावे. नुसती ३० टक्के वाढ पुरेशी नाही.

पुढे काय झाले ते थोडक्यात. २००६ मध्ये प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले, कारण बौद्धिक संपदा अपील मंडळ तोवर पेटंटसाठी सुरू झाले नव्हते. एप्रिल २००७ मध्ये ते सुरू झाल्यावर अपिले तिकडे गेली. ३(ड) घटनाबाह्य आहे आणि ट्रिप्सशी विसंगत आहे हा वेगळा दावा उच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २००७ रोजी फेटाळला. अपील मंडळाने २६ जून २००९ च्या निर्णयात नावीन्य आणि शोधक पायरी हे मुद्दे कंपनीच्या बाजूने दिले, पण ३(ड) वर तिला हरवले. प्रक्रियेचे दावे मात्र मान्य केले, ज्याला विरोधकांनी पुढे आव्हान दिले. म्हणजे मंडळाच्या मते पदार्थ नवा होता, सर्वोच्च न्यायालयाच्या मते मेसिलेटपर्यंत नवे काहीच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाची पायरी गाळून प्रकरण थेट ऐकले, कारण पेटंट मिळाले असते तरी त्याची वीस वर्षे जुलै २०१८ मध्ये संपणार होती. न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्यापुढे ते चालले.

अमेरिकेतही याच स्फटिकाचे पेटंट सहज मिळालेले नाही. तिथल्या परीक्षकाने नकार दिला, अपिलात नोव्हेंबर २००३ मध्ये तो उलटला आणि १७ मे २००५ रोजी पेटंट मिळाले. ‘जगभर मिळाले, फक्त भारतात नाही’ हे वाक्य या प्रकरणाबद्दल फार वापरले जाते; ते अमेरिकेतली ही अडखळण झाकते.

हेच कागद आज तयार करायचे असते तर

औषध असो वा शेतीचे फवारणी यंत्र, शोधाआधीची सर्वात जवळची स्थिती कोणती हे स्पेसिफिकेशन लिहिण्याआधी ठरवावे. सोयीची नव्हे, सर्वात जवळची. ग्लिवेकच्या बाबतीत बीटा नसलेले मेसिलेट हीच ती स्थिती होती. त्याच मात्रेत, त्याच प्राण्यात, त्याच पद्धतीने दोन्ही स्फटिकरूपांचे रक्तातले प्रमाण आणि रोगावरचा परिणाम शेजारी शेजारी मोजलेला असता, तर न्यायालयासमोरचा प्रश्न वेगळा झाला असता. फरक निघाला नसता, तर निदान ते अर्जाआधी कळले असते.

यंत्राच्या अर्जात ३(ड) चा औषधासारखा प्रश्न सहसा येत नाही, पण तुलनेचा मुद्दा शोधक पायरीच्या रूपाने येतोच. ‘सध्याची यंत्रे अवजड आणि महाग आहेत’ एवढे लिहून भागत नाही. कोणते पेटंट, कोणता भाग, त्याने काय साधत नव्हते आणि तुमच्या कोणत्या भागाने ते कसे साधले, हे स्पेसिफिकेशनमध्येच हवे. नंतर सुनावणीत प्रतिज्ञापत्राने आकडे देता येतात, पण ते मूळ मजकुरात आधीच मांडलेल्या परिणामाला बळकटी देणारे असावे लागतात. शोधाच्या वेळी कोणाच्या लक्षातही नसलेला फायदा नंतर उभा केला की परीक्षकाला तो लगेच दिसतो.

आधीची पेटंटे शोधायला पेटंट कार्यालयाचे इनपास, युरोपीय एस्पेसनेट आणि गूगल पेटंट्स ही तिन्ही ठिकाणे फुकट आहेत. स्वतःचे जुने कागदही त्यात धरायचे : परिषदेतला निबंध, पीएच.डी.चा प्रबंध, कृषी प्रदर्शनातले प्रात्यक्षिक, यूट्यूबवरचा व्हिडिओ. कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना आणि विद्वत्सभेपुढच्या निबंधाला. गावातल्या प्रदर्शनाला किंवा व्हिडिओला ती नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रकल्प आधी छापून मग पेटंटचा विचार करण्याची पद्धत आहे. ती मुळावर येते.

परदेशी अर्जांबद्दल फॉर्म ३ ची माहिती अर्ज करताना किंवा त्यानंतर सहा महिन्यांत, आणि एफईआर आल्यावर तीन महिन्यांत पुन्हा द्यावी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथे काय लिहिले आहे हे भारतातल्या उत्तराशी ताडून पाहणे. अमेरिकेतल्या परीक्षकाला दिलेले उत्तर, औषध परवान्याच्या अर्जातले वाक्य, प्रतिस्पर्ध्याला पाठवलेली नोटीस, पाकिटावरचा मजकूर, यांपैकी कोणतेही विरोधक काढून समोर ठेवू शकतो. मोठ्या कंपनीत ही कामे चार वेगळ्या विभागांकडे असतात. छोट्या उद्योगात निदान एकाच माणसाने हे सगळे वाचलेले असू शकते, एवढा एक फायदा लहान असण्याचा आहे.

सुनावणीची वेळ आली तर लेखी म्हणणे सुनावणीनंतर पंधरा दिवसांत द्यायचे असते. तहकुबी प्रत्येक पक्षाला दोनदाच मिळते, प्रत्येकी तीस दिवसांपर्यंत. नकार आला तर तीन महिन्यांत अपील. अपील मंडळ एप्रिल २०२१ मध्ये रद्द झाले आहे, त्यामुळे मुंबई कार्यालयाच्या आदेशावरचे अपील आता मुंबई उच्च न्यायालयात जाते.

मंजुरीनंतर

मंजुरी मिळाली तरी पैसे भरणे थांबत नाही. नूतनीकरण तिसऱ्या वर्षापासून. सवलतीच्या दरात सहाव्या वर्षापर्यंत वर्षाला ८०० रुपये, मग दहाव्यापर्यंत २४००, पंधराव्यापर्यंत ४८०० आणि पुढे ८०००. एकदम चार वर्षांचे ऑनलाइन आगाऊ भरले तर १० टक्के सूट आहे. पेटंट वापरले जाते की नाही याचे विवरण फॉर्म २७ वर द्यायचे. पूर्वी दरवर्षी, आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा. हा कागद अनेक जण किरकोळ समजतात. पण पेटंटधारक किती माल, किती किमतीचा विकतो हे पूर्वी त्यातूनच बाहेर येत असे. ग्लिवेकच्या निकालाच्या वर्षभर आधी, ९ मार्च २०१२ रोजी, कंट्रोलर जनरलनी मुंबईहून भारतातला पहिला सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला औषध बनवू देणारा) दिला तो बायरच्या सोराफेनिब या कर्करोगावरच्या औषधावर. तिथे पेटंट रीतसर मिळालेले होते. कंपनीचा दर महिन्याला २ लाख ८० हजार ४२८ रुपये होता, नॅटकोने ८८०० रुपयांत देण्याची तयारी दाखवली आणि रॉयल्टी ६ टक्के ठरली, जी अपिलात ७ टक्के झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो परवाना कायम ठेवला.